तेहतीस चिठ्ठ्या

मार्लो फोर्क, आयोवा
१४ सप्टेंबर २००९

प्रिय लेम,

पाकिटावरचं माझं नाव वाचून तू पत्र तसंच ठेवून दिलं नसशील, अशी आशा करतो. तुझा पत्ता माजी विद्यार्थ्यांच्या कचेरीतून मिळाला. तुम्ही उभयता बरे असाल. माझं ठीक आहे. गुडघा गेला, डाव्या कानाने ऐकू येत नाही, मार्जोरीला जाऊन चार वर्षं झाली. यंदा मका छान उभा आहे.

आता कामाचं. या हंगामानंतर विद्यापीठ फुटबॉल बंद करतंय. खेळायला पोरं मिळत नाहीत, आणि बघायला येतात ते त्यांचे आईबाप. जाता जाता एकशे पाच वर्षांचा इतिहास छापायचा म्हणे, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. "जुन्यांपैकी धडधाकट तुम्हीच उरलात," असं डीनबाई तोंडावर म्हणाल्या.

लिहिताना मजा येते. १९०४ चा पहिला सामना गायरानात झाला आणि मध्येच गाई हाकलायला खेळ थांबवावा लागला. १९१८ ला फ्लूमुळे संघच उभा राहिला नाही. १९३१ ला आपण नऊच्या नऊ सामने हरलो, तरी चर्चच्या बायकांनी सगळ्यांना कोंबडी करून जेवायला घातलं.

१९५७ पाशी येऊन अडकलोय. त्या वर्षीचा तुझा एखादा फोटो हवा होता. चेंडू काखेत मारून तू सुटलास की पाठलाग करणारे निम्म्यातच दम टाकायचे. चौदा वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेलास, चौदा टचडाउन, लेम! तो विक्रम अजून तुझ्याच नावावर आहे. हंगामाच्या शेवटी जे झालं त्यावर दोन ओळी पुरतील असं मला वाटतं. जुन्या गोष्टी आहेत.

तुझा खोलीतला जोडीदार एडी कोवाल्चिक तीन वर्षांपूर्वी गेला. तुला कळलं असेलच.

तुझा जुना कर्णधार,
हार्लन


मार्लो फोर्क
९ ऑक्टोबर २००९

लेम,

फोटो मिळाला, सोबत परत पाठवतोय. तुझं पत्र आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून आहे. मी त्याच्या शेजारी बसून जेवतो.

तू लिहिलंस, "कर्णधार, फोटो नक्की परत कर. मी कधीकाळी देखणा होतो याचा बायकोला पुरावा लागतो. आणि एक सांग. त्या दिवशी मतं किती विरुद्ध किती पडली? गणितात तू कच्चाच, पण तेहतीस चिठ्ठ्या तर मोजता आल्या असतील. चारपाच तरी माझ्या बाजूने पडल्या असतील ना? कोण होते रे ते? हयात असतील तर एकदा जाऊन हात मिळवावा म्हणतो."

सांगतो. पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं, पण मी मक्याचं लिहीत बसलो.

दक्षिणेतून नववर्षाच्या सामन्याचं आमंत्रण आलं होतं. तुमचा काळा गडी घरी ठेवून या, अशी अट होती. कोच डिट्मर म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा," आणि सिगारेट ओढायला निघून गेले. तू स्वतःहून उठलास. "मी बाहेर बसतो, पोरांनो. माझ्यासमोर लाजाल," म्हणालास आणि दार ओढून घेतलंस. चिठ्ठ्या हेल्मेटमध्ये गोळा केल्या. ते घेऊन मी एकटाच सामानाच्या खोलीत गेलो.

बारा जणांनी 'जायचं' लिहिलं होतं. एकवीस जणांनी 'लेमशिवाय नाही.'

मी तीनदा मोजल्या. त्या बारांत एक माझी होती. नावं कुणीच घातली नव्हती, पण एडीचं अक्षर मी ओळखलं. त्याने लिहिलं होतं, 'तो नाही तर मीही नाही.'

चिठ्ठ्या मी बॉयलरमध्ये टाकल्या. बाहेर येऊन मोठ्याने म्हणालो, "बहुमताने ठरलं. जायचं." तू दाराबाहेर ऐकलास तो तोच आवाज. सगळे खाली बघत राहिले. प्रत्येकाला वाटलं, बाकीचेच तसले निघाले. एडी तेवढा उठला.

"किती पडली?"

"पुरेशी," मी म्हणालो.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो की कोचनी भरीला घातलं. त्यांनी काहीच केलं नाही. मला समुद्र बघायचा होता, लेम. मी कधी पाहिला नव्हता, आणि मार्जोरीला तिथे मागणी घालायची ठरवलं होतं. सामना आपण तेरा-सातने जिंकलो. समुद्र करडा होता. गार वाऱ्यात पाच मिनिटं उभे राहिलो आणि बसमध्ये येऊन बसलो. मार्जोरीला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एडी आजाराचं निमित्त करून आलाच नाही. आम्ही परतलो तेव्हा तू शिक्षण अर्धं टाकून गॅरी शहरात निघून गेला होतास. एडीने तुला पत्रं पाठवली, ती न उघडता परत आली. १९६० मध्ये तो माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "हार्लन, त्याला वाटतं मीही त्यातलाच." एका वाक्याचं काम होतं. मी त्याला विचारलं, "अजून कॉफी घेतोस?"

आपल्यातले सात जण हयात आहेत. मी प्रत्येकाला फोन केला. डेल ह्रुस्काने आकडे मला पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाला, "मी 'नाही' लिहिलं होतं रे. पन्नास वर्षं मला वाटलं, मी एकटाच," आणि फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. त्याचा पत्ता मागे लिहिलाय. हात मिळवायचा तर तिथून सुरुवात कर.

हे सगळं पुस्तकात घातलंय. डीनबाई म्हणाल्या, "तुमचं नाव घालायलाच हवं का हो?" मी म्हटलं, "बाई, आळ तेहतीस जणांवर आहे. त्यातले एकवीस निर्दोष आहेत." सोमवारी छपाईला जातंय. शेवटच्या सामन्याआधी, चौदा नोव्हेंबरला, ते पान मी मैदानावर वाचणार आहे. तू यावंस म्हणून हे सांगत नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून सांगतोय.

एडीची बायको रोझमेरी डब्युकला असते. तुझ्याकडून परत आलेली ती सहा पत्रं तिच्याकडे आहेत, अजून बंदच. मी विचारलं तर म्हणाली, "वर लेमचं नाव आहे. मी कशी उघडू? तो मागेल तेव्हा देईन." तिचा फोन नंबर डेलच्या पत्त्याखाली आहे.

माफी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायचा मला हक्क नाही. मला लिहू नकोस. रोझमेरीला फोन कर. तिचं वय ऐंशीच्या घरात आहे, उशीर करू नकोस.

तुझा म्हणवून घेत नाही.

ज्याने मोजलं आणि खोटं सांगितलं, तो
हार्लन वेस्टरगार्ड