काढून ठेवलेलं कॅरेज

जळकोट, ८ ऑगस्ट १९८२, रविवार

लातूर नवा जिल्हा होतोय, त्या आनंदात पुढच्या रविवारी इथून लातूरपर्यंत सायकल फेरी आहे. शेजारचा गोविंद त्याची पातळ टायरची सायकल देत होता, पण ती खडीच्या रस्त्याला टिकायची नाही. शेवटी आपलीच घ्यायची ठरवली. दळणाला, वैरणीला, पाण्याला, सगळ्याला हीच. फक्त हलकी व्हावी म्हणून सकाळी मागचं कॅरेज काढलं. पाण्याचं डोक्यात आलंच नाही. की आलं होतं?

पाऊस नाही, गावातली विहीर आटलेली. बायको रोज कॅरेजला घागर बांधून मळ्यातून पाणी आणते. आज डोक्यावर घेऊन आली. मी उगाच विचारलं, सायकल का नेली नाहीस?

"कॅरेज न्हाई की तिला. जिल्हा झाल्यावर दारात नळ येईल म्हन्ता नव्हं, तवर चालतंय."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला बघतो तर त्याच घागरीतल्या पाण्यात फडकं भिजवून ती सायकल पुसत होती. म्हणाली, "लातूरची लोकं बघतील. कळकट दिसाय नको."

कॅरेजचे नट माझ्या खिशातच होते. मी खिशात हात घालून नुसता उभा राहिलो.