दाराकडे दाखवलेलं बोट

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरांनी दाराकडे बोट दाखवलं, त्या क्षणी माझं सगळं उलटंपालटं झालं. हे तुला एकटीलाच सांगतोय. घरात सगळ्यांना वाटतंय मी सुट्टीवर आलोय. कॉलेजात सर प्रश्न विचारत होते आणि मी दुसऱ्या बाकाकडे बघत होतो. तिथे ती बसते. उत्तर तिच्या वेणीत लिहिलेलं नाही, असं सर म्हणाले आणि अख्खा वर्ग खो खो हसला. मी उलट बोललो. मग ते 'गेट आउट'! दार असं आपटलं की वरची काच तडकली. संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या फाटकापाशी उभा होतो. कुणीतरी, निदान ती, मागे येईल असं वाटलं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सामान बांधलं. आता परत जाणार नाही म्हणजे नाही.

इकडे तू पाय मोडून दवाखान्यात, म्हणून तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मलाच धरलं. ताई येईपर्यंत तिच्या दुसरीच्या वर्गाला इंग्रजी शिकव म्हणाले. बाबांनी परस्पर हो म्हणून टाकलं. उद्यापासून मी पाहुणा मास्तर!

एक काम कर. दुसऱ्या बाकावरच्या तिला मी पत्र टाकलंय आणि उत्तरासाठी तुझ्या दवाखान्याचा पत्ता दिलाय, कारण घरी आलेलं प्रत्येक पाकीट बाबा फोडतात. पत्र आलं की लगेच पाठव.

लोभ असावा, ओरडा पत्रातूनच असावा.
तुझा तवा


९ जानेवारी

चि. तव्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

लहानपणापासून तापतोस, म्हणून तवा नाव पडलं. आता विसाव्या वर्षी तरी चुलीवरून उतर. तिचं पत्र आलेलं नाही. बाबांना किती दिवस फसवणार, तेवढा विचार कर.

माझी पोरं मात्र जप. ढोल्याला पुढे बसव, त्याला फळा दिसत नाही. खारूताई, म्हणजे सुताराची मुलगी, पहिलीत वर्षभर गप्प होती. आता कुठे तोंड उघडलंय. बोलली तर बोलू दे, तोडू नकोस.

माया आहेच, ती उतू जाऊ देऊ नकोस.
ताई


१७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढोल्या पुढे बसला, आता फळ्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघतो. 'नोज' म्हटलं की सगळा वर्ग नाक ओढतो. आणि ऐक, पोरं आता आपणहून इंग्रजी बोलतात! मधल्या सुट्टीत एक जण मास्तर होतो, दाराकडे बोट दाखवून 'गेट आउट' ओरडतो आणि बाकीचे धूम पळतात. उच्चार झकास आहेत, असं मुख्याध्यापकही म्हणाले.

बाबा जेवताना रोज विचारतात, कॉलेज कधी उघडतंय. मी ताटाकडे बघतो.

पोस्टमन शाळेवरून जातो तेव्हा माझा जीव खिडकीत असतो. खरं सांग, पत्र आलं ना?

लोभ वाढव, वाट बघायला लावू नकोस.
तवा


२० जानेवारी

चि. तव्यास,
आशीर्वाद आज राखून ठेवलेत.

तिचं पत्र आलंय. माझ्या उशीखाली आहे, फोडलेलं नाही. आधी मला उत्तर हवंय. 'गेट आउट' हे पोरं कुठून शिकली? पुस्तकात नाही, मी कधी म्हटलेलं नाही. तू ढोल्याचं लिहिलंस, खारूताईचं अवाक्षर नाही. तिलाच बाहेर काढलंस ना?

तू फाटकापाशी उभा होतास. मागे कुणी आलं नाही म्हणून घरी निघून आलास. खारूताईच्या मागे कोण गेलं? सुताराचं घर शाळेच्या मागेच आहे.

लोभाचं नंतर बघू.
ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि कान पकडून.

त्या दिवशी पोस्टमन दिसला आणि मी 'नोज' म्हणताना कानाला हात लावला. मास्तरांचं नाक खिडकीतून बाहेर गेलं, असं खारूताई उठून म्हणाली. वर्ग हसला. माझ्या कानात मात्र कॉलेजातला तोच वर्ग हसला. पुढचं तू ओळखलंसच. ती त्या दिवसापासून आलेली नाही.

तुझं पत्र खिशात घालून सुतारांकडे गेलो. मला बघताच ती फळ्यांच्या थप्पीमागे लपली. पोरगी घरातही बोलेनाशी झालीय, असं सुतार मान वर न करता म्हणाले. मी भुशातच बसलो. तिला म्हणालो, माझं चुकलं. मलाही सरांनी असंच काढलं होतं आणि मी परत गेलोच नाही. सुतारांचा रंधा चालूच होता. मग थप्पीमागून प्रश्न आला, का नाही गेलात? मी अंगावरचा भुसा झटकू लागलो. तेव्हा तिने अट घातली, आधी तुम्ही जा, मग मी जाईन.

बाबांना सगळं सांगितलं. दोन दिवस माझ्याआधीच जेवून उठले. आज सकाळी माझे बूट पुसून उंबरठ्याशी ठेवलेत. त्याचा अर्थ 'जा' की 'चालता हो', विचारायची हिंमत झाली नाही.

तिचं पत्र पाठवू नकोस. काय ते दुसऱ्या बाकासमोर उभं राहून कळेल. सरांनी पुन्हा बोट दाखवलं तर बाहेर उभा राहीन, पण फाटक ओलांडणार नाही.

खिडकीतून दिसतंय, खारूताई दप्तर घेऊन बसथांब्यावर उभी आहे, मी खरंच बसमध्ये चढतो का ते बघायला. मग ती शाळेत जाणार.

लोभ आहेच, ओरडाही चालू ठेव.
तुझा तवा

ता. क. निघालो. बूट घातले, दार ओढून घेतोय. आपटत नाहीये.