रीनाला खरं सांगितलं

बुधवार, संध्याकाळ

आज मीरा रोडच्या केंद्रात रीनाला स्पष्टच सांगितलं, तुझी कंपनी चालणार नाही. सरकारी स्टार्टअप योजनेत मी तिचा मेंटॉर, म्हणजे धीर देणारा माणूस. आणि मीच असं बोललो.

उत्तनच्या कोळीवाड्यातली पोरगी. होडीवरच्या मासळीचा बर्फ वितळायला लागला की मोबाइलवर कळवणारं यंत्र तिने बनवलंय. यंत्र उत्तम आहे. पण वर्षभर फुकट वापरूनही एकही होडीवाला नाखवा ते विकत घ्यायला तयार नाही.

"सर, खोटं नको. चालेल का हे?"

मी नाही म्हणालो. ती रडली नाही. ओढणीत यंत्र नीट गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. ते गुंडाळणं सारखं डोळ्यासमोर येतंय. घाई केली का मी? पण तिने नोकरी सोडलीय, आणि "छान, छान" म्हणणारे तिला पुष्कळ भेटलेत. तरी ते गुंडाळणं...

आत्ता तिचा फोन आला. "घरी सांगितलं, सर. पप्पा म्हणाले, आधी जेवून घे." मग म्हणाली, "कंपनी बंद कशी करायची, ते शिकवाल?"

ये म्हणालो. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.