कॅटरॅक्ट या शब्दाचा छडा

३ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत कॅटरॅक्ट. उजवा जास्त पिकलाय, ऑपरेशन लवकर करा. मी घाबरलो नाही. बाहेर पडताना चुकीचं दार ढकललं, पण सकाळपासून उपाशी होतो. बायकोला म्हटलं, ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही त्यापायी मी डोळ्यात सुरी घालून घेणार नाही. ती म्हणाली, अर्थ मोतीबिंदू. इतका वरवरचा विचार मला जमत नाही.

५ मार्च
अभ्यास जोरात. शब्द लॅटिन, पण लॅटिनने तो ग्रीककडून उचललेला. मूळ अर्थ, वरून कोसळणारं. म्हणजे धबधबा. जिवात जीव आला. धबधबे उन्हाळ्यात आपोआप आटतात. ऑपरेशन पुढे ढकललं.

८ मार्च
उगाच खोलात शिरलो. लॅटिनमध्ये याच शब्दाचा दुसरा अर्थ: किल्ल्याच्या वेशीत वरून धाडकन पडणारा जाळीचा दरवाजा. पडला की पडला. दिवसभर आरशासमोर एकेक डोळा झाकून दरवाजा कुठवर आलाय ते बघत होतो. जेवण गेलं नाही. भाजी अळणी होती.

१० मार्च
ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणाला बोललो नाही. इतकी वर्षं शिकवतोय, रस्ता तोंडपाठ आहे. डोळे शिकाऊंना लागतात.

१३ मार्च
आज बँकेतल्या एक शिकाऊ बाई गाडी चालवत होत्या. मी म्हटलं, रस्ता मोकळा आहे, क्लच सोडा. त्यांनी उलट ब्रेक दाबला. मी झापलं. त्या हळूच म्हणाल्या, सर, ते आजोबा अजून ओलांडतायत.
मला आजोबा दिसलेच नव्हते. नुसतं धुरकट काहीतरी होतं. मग त्या धुरकटाने काठी टेकली.
बाईंना म्हटलं, तुमची परीक्षा घेत होतो. त्यांनी आजोबा पलीकडे पोचल्यावरच क्लच सोडला. माझ्या बाजूच्या ब्रेकवरचा पाय मी घरी येईपर्यंत काढला नाही.

१४ मार्च
क्लासला रजा. बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे निम्मं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने सरळ डॉक्टरांना फोन लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च
उजवा डोळा झाला. पट्टी आहे, म्हणून अक्षर तिरकं. टेबलावर मी अगदी निर्धास्त होतो. डॉक्टरांना ग्रीक अर्थ समजावायला घेतला, तर म्हणाले, काका, बोलू नका, डोळा हलतो. काही वेळाने सिस्टर म्हणाल्या, काका, झालं. आता माझा हात सोडा, पुढचा पेशंट घ्यायचाय.