पाकिटावरची सिस्टर

ता. ३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. तुमच्या संघटनेचं पुस्तक निघतंय, निघू दे. पण धंद्याची गोष्ट तू स्वतःच्या नावानिशी, वर फोटोसकट छापणार? बाकीच्या टोपणनावं घेताहेत, मग तुलाच कुठून अवदसा आठवली? अठरा वर्षं मी गल्लीत सांगतेय की ताई मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. पाकिटावरसुद्धा नावाऐवजी नुसतं ‘सिस्टर’ लिहिते. शेजारच्या काकूंची सून वाचनालयात आहे, पुस्तक आधी तिच्याच हाती पडणार. निदान कुणीतरी फसवून नेलं असं तरी लिही, लोक हळहळतील. नाहीतर आपला संबंध संपला.

काकूंचा गुडघा सुजलाय. काय लावावं ते कळव.

लोभ आहे, सध्या रुसलाय.
तुझी धाकटी

ता. ११ जून
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

कमाल आहे बाई तुझी! एका ओळीत संबंध तोडतेस, दुसरीत गुडघा पाठवतेस. तुमच्या गल्लीचे खोकले नि पित्त मी आमच्या संघटनेच्या डॉक्टरीणबाईंना विचारून कळवते. आता त्याच मला विचारतात, आज काकूंचं काय दुखतंय.

मला कुणी फसवलं नाही. नवरा मारायचा म्हणून निघाले. चार घरची भांडी घासली, तिथे मालकाने हात धरला. मग हे काम पत्करलं, डोळे उघडे ठेवून. हे लिहिलं तर संपादकबाईंनी ‘मी धंदा करते’ खोडून ‘नरकात खितपत पडले’ केलं. मी म्हटलं, बाई, नरकात दुपारचा चहा असतो का? खोडलेलं परत लिहायला लावलं.

आणि टोपणनाव गिऱ्हाइकांसाठी आहेच की. स्वतःची गोष्टही त्याच नावाने सांगू? आईबाबांनी ठेवलेलं नाव तूही घेत नाहीस. तुझ्या दारात यायचं तर नर्सची पांढरी साडी नेसूनच यावं लागेल. दुखतं गं.

गुडघ्याला थंड पाण्याची पट्टी. जिने नकोत.

रुसवा गेला की लिही, नाही गेला तरी लिही.
ताई

ता. ९ ऑगस्ट
ती. ताईस,
सा. न.

पुस्तक आलं. फोटोतसुद्धा कपाळाला आठ्याच! काकू ते पान उघडून थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या, ही तुझीच बहीण ना, म्हणाल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ‘हो, माझी ताई’ असं बाहेर पडलं. जिभेला काय झालं देव जाणे. काकू पुस्तक ओट्यावर आपटून गेल्या. आठ दिवस त्यांचं दार बंद.

मी तुझ्यावर इतकी चिडले की रागारागात तुझी सगळी पानं वाचली. त्या मालकाचं पान दोनदा वाचलं. हे सगळं मला इतक्या वर्षांत का नाही सांगितलंस, असं लिहिणार होते. पण मी तरी कधी विचारलं? मी गुडघेच विचारत बसले.

काल सून कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, सासूबाई विचारताहेत, पट्टी किती दिवस ठेवायची. मला नाही ठाऊक. तूच येऊन सांग, साडी कुठलीही नेस.

पाकीट नीट बघ. हाताला सवय, ‘सिस्टर’च लिहिलं होतं. ते खोडून तुझं नाव लिहिलंय, पूर्ण.

वाट बघतेय.
तुझी धाकटी