कमरेएवढी चूल

माय, मी गुडघा बदलला. उजवा. तुझ्या वेळी गुडघा दुखला की एरंडाचं पान गरम करून बांधायचं, आणि तरी दुखला तर दुखू द्यायचा. आता डॉक्टर झिजलेला भाग काढून त्या जागी धातूचा बसवतात आणि दुसऱ्याच दिवशी माणसाला उभं करतात. मला उभं केलं तेव्हा मी वॉकर धरून अशी घाबरले होते की व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीचा हात काही सोडत नव्हते. ती म्हणाली, "आजी, टाका पाऊल, गुडघा तुमचाच आहे." मी म्हटलं, "माझा कुठला गं, कालच तर आलाय." हे वाचून तू हसली असतीस. म्हणजे वाचलं नसतंसच. मी धुळ्याहून पत्र पाठवायची ते तू डब्यात जपून ठेवायचीस, आणि सुट्टीत घरी आले की माझंच पत्र मला तुला वाचून दाखवावं लागायचं. पोस्टमनने वाचून दाखवलेलं तुला चालायचं नाही.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं आणि मग रोजची शाळा सुरू झाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, टाच पलंगावरून सरकवत जवळ आणायची, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि दहा अंक मोजायचे. मी आठच मोजायची, ती मुलगी तिथेच उभी राहून उरलेले दोन मोजून घ्यायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. महिन्याभराने वॉकर सुटला, मग काठी सुटली, आणि एके दिवशी दोरीवर कपडे घालताना चिमटा खाली पडला तो मी वाकून उचलला. उचलल्यावर लक्षात आलं की आपण सुनेला हाक मारली नाही. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. आता सकाळी मेहरूणच्या तलावाकडे चालत जाते, येताना गाडीवरची मेथी स्वतः निवडून घेते, भाजीवाल्याशी भांडते. घरात बसून भांडायला माणसं तरी किती पुरणार?

फक्त एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाटावर तर मुळीच नाही. बाकी सगळं मी मान डोलावून ऐकलं, पण पाट म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आखाजी आली, सून म्हणते ती अक्षय्य तृतीया. तुझी घागर माझ्याकडे असते, माय. मला भाऊ नाही, म्हणून गेलेल्यांच्या नावाने भरायची ती पाण्याची घागर माझ्या दारात भरली जाते, आणि निखाऱ्यावर तुझ्या नावाचा घास टाकायचा, ती आगारी मी टाकते. घास असतो खापरावरच्या पुरणाच्या मांड्याचा. ते उपडं मातीचं खापर, खाली जाळ, आणि त्याच्यापुढे पाटावर बसून दोन्ही हातांवर मोठा मोठा होत जाणारा मांडा. गेली तीन वर्षं गुडघ्यामुळे मी ते केलेलं नाही. सून बिचारी म्हणाली, "आई, बचत गटाच्या बायका सुंदर करतात, आपण आणू ना." आणलेही. तुझ्या आगारीत तीन वर्षं विकतचा घास पडला. तो निखाऱ्यावर जळताना मला लाज वाटायची, तुला सांगते.

कारण तू काय म्हणाली होतीस ते मला पाठ आहे. नवं लग्न, धुळ्याचं दोन खोल्यांचं घर, मी जिल्हा परिषदेत कारकून. माझा नवा गॅस ओट्यावर आहे आणि मी मोठ्या ऐटीत तव्यावर उभ्याने मांडे करायला घेतलेत. तू पारोळ्याहून एसटीने येतेस, दारातूनच बघतेस, आणि पिशवीही खाली न ठेवता येऊन गॅस बंद करतेस. "हाई काय शे? उभी राहीसन मांडा व्हतस का? खाले बठ." मी तोंड वाकडं करते. तू म्हणतेस, "हापिसमा खुर्ची दिन्ही ते पोर जमीनले इसरी गयी." मग पिशवीतून गोधडीत गुंडाळलेलं खापर काढतेस. पारोळ्याच्या बाजारात बोटाने वाजवून वाजवून घेतलेलं, आणि सगळ्या प्रवासात मांडीवर धरून आणलेलं. तेच खापर अजून माझ्याकडे आहे. काठाला एक कपची गेलीय, बाकी ठणठणीत. माझ्यापेक्षा बरंच म्हणायचं.

आता जे सांगणार आहे ते मला या वर्षी कळलं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने एकदा सहज विचारलं, "आजी, जमिनीवरून उठता येईनासं झालं ते केव्हापासून?" मी म्हटलं, "छे गं, उठत होते की. फक्त पूजा झाल्यावर थोडा वेळ देवापुढे बसून राहायची." आणि बोलता बोलता थांबले. घरात सगळे म्हणत होते, आईला निवृत्तीनंतर भक्ती लागली. सून तर शेजारणीला कौतुकाने सांगायची. भक्ती कसली, मला उठताच येत नव्हतं! सगळे आपापल्या कामाला गेले की मी देव्हाऱ्याला धरून, भिंतीला धरून, कशीबशी उभी राहायची. त्या मुलीपुढे मी खोखो हसले, आणि हसता हसता मला तू दिसलीस. तुझ्या शेवटच्या चार-पाच आखाज्या. शेवटचा मांडा उतरला की आम्ही तुला जेवायला हाका मारायचो आणि तू जागची हलायची नाहीस. "चूल इझू दे, मंग उठसू. तुम्हीन जेवा." आम्ही म्हणायचो, मायला चुलीचा भारी लळा. मी म्हणायची, मीच. ताटात आमरस वाढून घेऊन म्हणायची. एकदाही मागे वळून बघितलं नाही की आम्ही गेल्यावर तू कशाला धरून उठतेस. एक हात द्यायचा होता, माय. दोन पावलांवर होते मी. फार वाईट वाटतं त्याचं.

म्हणून ठरवलं, की या वर्षी तुझी आगारी माझ्या हातच्या मांड्याची. जमिनीवर बसायचं नाही ना, मग चूल वर येईल. अंगणात उरलेल्या विटा होत्या. मी सांगत गेले, सून रचत गेली, कमरेएवढी चूल झाली. तीन बाजूंनी विटा, मध्ये माती, वर खापर पालथं. आखाजीला लेक धुळ्याहून आली आणि दारातच म्हणाली, "आई, हे काय, लोहाराचं दुकान?" पहाटेच कपाशीच्या काड्या पेटवल्या, ऊन चढायच्या आत उरकायला हवं होतं. पहिला मांडा हातावर घेतला, फिरवला, आणि तो माझ्या कोपरावरच फाटला. पुरण थेट ब्लाऊजच्या बाहीत. दोघी पोटं धरून हसल्या. दुसरा खापरावर पडला, पण घडी घालून. मला तुझा आवाज ऐकू आला, उभी राहीसन मांडा व्हतस का. मी मनात म्हटलं, थांब जरा. पाय थोडे लांब ठेवले, भार दोन्हींवर सारखा दिला, जसा त्या मुलीने शिकवला होता, आणि तिसरा मांडा हातावर असा पसरला की पलीकडे उभी असलेली लेक त्यातून दिसायला लागली. टाकला. खापरभर बसला. होतो गं माय, उभ्याने मांडा होतो! अकरा केले मी. मध्ये दोनदा खुर्चीवर टेकले, ते डॉक्टरांचं ऐकायचं म्हणून.

तिसराच मांडा तुझा. त्याचा घास तुपात बुडवून निखाऱ्यावर टाकला, चर्रकन आवाज झाला, आणि मला रडू येईल असं वाटलं होतं ते आलं नाही. उलट मी तिथे उभी राहून एकटीच हसत होते. हे पत्रही तुझ्या नावाने निखाऱ्यावर टाकावं असं मनात होतं. पण तू ते घेऊन करणार काय, वाचायला मीच लागणार. तेव्हा खापराच्या गोधडीत ठेवते, पुढच्या आखाजीला काढेन.

एक मात्र सांगते, रागावू नकोस. मांडे संपले, आत ताटं वाढली, लेक बाहेर येऊन म्हणाली, "आई, ऊठ, चल जेवायला." तिने हातही पुढे केला. मी चुलीजवळ खुर्चीवर बसले होते. मला उठता येत होतं, माय, एका दमात, कशालाही न धरता. तरी मी म्हटलं, "चूल इझू दे, मंग उठसू."