चेंडू आमच्याकडेच होता

६ जानेवारी
सायंकाळी पालमच्या कॉलेजचं मैदान. बाभळीखाली बसलो. नात उमी अन् तिच्या संघातल्या पोरी फुटबॉल खेळत होत्या. पाय ते पाय, पाय ते पाय. शाळेत आम्ही एका सुरात कविता म्हणायचो, ते आठवत राहिलं.

शिकवतो नामदेव, माझा वर्गमित्र. मूळचा कबड्डीचा गडी. गुणांनी पुढं असलो की चढाईला जायचं, मधल्या रेषेपाशीच घुटमळायचं, वेळ खाऊन परत यायचं. त्यावर नाव काढलं त्यानं. फुटबॉल शिकवायला दुसरं कुणी नाही म्हणून हेही त्याच्याच गळ्यात.

म्हणाला, "बॉल आपल्यापाशी हाय तवर त्यांचा गोल कसा हुईल, सांग."

पटलं. दिसायलाही सुंदर.

९ जाने.
सरावाचा सामना. बरोबरी, गोल कुणाचाच नाही. नामदेव खूश. उमी नाही.
"आबा, निवडणारे काय बघतेत? नुस्तं धरून ठेवलेलं?"
मी म्हणालो, सर सांगतील तसं कर.

विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर शेवटचं वर्ष पुरं करू देईन, असा तिच्या बापाचा, दिगंबरचा शब्द. नाहीतर देवगाव फाट्याकडचं स्थळ. मुलगा माझा, पण घर आता त्याचं.

१४ जाने. संक्रांत
तीळगूळ देताना दिगंबरनं विचारलं, "गोल किती केले?"
"पप्पा, बॉल लय वेळ आमच्याकडंच व्हता."
"दुकानात ठाण पडून राहिलं म्हंजे खपलं का गं?"
कापडाचं दुकान, बोलणंही तिथलंच. पोरगी हसली नाही. सुनेनं पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोललाय. कशाचा, ते सांगेना.

१९ जाने.
परभणी, निवडीचा सामना. हरलो.
चेंडू सगळा वेळ आमच्याकडे. समोरच्या पोरी आपल्या गोलपुढं गर्दी करून नुसत्या उभ्या. आमच्या सगळ्या हळूहळू पुढं सरकलेल्या, मागं मोकळं रान. एकदाच चेंडू सुटला. त्यांची एक लांब लाथ, एक पोरगी धावली, झालं.
त्यानंतरही नामदेव काठावरून, "धर, धर." पिछाडीवर असताना वेळ कुणाचा खायचा? पण जन्माची सवय. उमीनं शेवटी न ऐकता लांबून मारला. खांबाला लागला.

येताना यष्टीत नामदेव माझ्या शेजारी. "त्यांच्याकडं किती वेळ व्हता बॉल? तूच सांग." पुढच्या सीटवर उमी, खिडकीला डोकं टेकून. ते वाक्य तिनंही ऐकलं असणार.

२२ जाने.
निवडीत उमी नाही. निवडणाऱ्यांपैकी कुणीतरी नामदेवला म्हणालं, पोरगी चेंडू छान सांभाळते, पण पुढं काय?
नामदेव ओट्यावर बसला, चहा न पिताच गेला.
रात्री दिगंबरला म्हणालो, एक वर्षाचा तर प्रश्न. "आबा, शब्द तुमच्यासमोरच ठरला व्हता." खरं आहे.

२५ जाने.
सकाळपासून पोहे, चादरी, उसन्या खुर्च्या. उमी मागच्या अंगणात. कॉलेजचा चेंडू परत द्यायचा राहिलाय, तो भिंतीवर मारतेय. परत आला की थांबवत नाही, आला तसाच मारते. भिंतीचा गिलावा पडायलाय. कुणी रागवत नाही.

पाहुण्यांचा फोन येऊन गेला, फाट्यावरून निघाले. दिगंबर म्हणाला, "आबा, तुमीच हाक मारा तिला. तुमचं ऐकंल."

वही घेऊन मागच्या दारात बसलोय. आतून दोनदा विचारणा झाली. लिहितोय म्हणालो.
अजून हाक मारलेली नाही.